ठाणे-नवी मुंबईहून लहान गटाने एक दिवसाची इतिहाससहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही स्नेही मिळून ठाण्यातून लेणी, किल्ले आणि जुनी मंदिरे पाहण्यासाठी लहान गटांच्या सहली काढतो. त्याविषयी दूरध्वनीवर आणि निरोपांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसऱ्या उत्तरात असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ठाण्याहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशी ऐतिहासिक ठिकाणे कोणती?

अंतरापेक्षा लागणाऱ्या वेळावरून या ठिकाणांचे तीन गट पडतात. अर्ध्या दिवसात होणारी ठिकाणे म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर, भिवंडीजवळचे लोनाडचे लेणे आणि तेथील शिलाहारकालीन मंदिर, कल्याणचा दुर्गाडी आणि घोडबंदरचा किल्ला. पूर्ण दिवस मागणारी ठिकाणे म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी, वसईचा किल्ला, नालासोपाऱ्याचा स्तूप, घारापुरी, कार्ले आणि भाजे, लोहगड, पनवेलजवळचा कर्नाळा आणि अलिबागचा कुलाबा किल्ला. रायगड, शिवनेरी आणि मुरूडचा जंजिरा ही ठिकाणे एका दिवसात ओढूनताणून बसतात. त्यांपैकी रायगड आणि शिवनेरीविषयीचे आमचे मत प्रश्न ११ मध्ये वाचावे.

२. लहान गट म्हणजे नेमकी किती माणसे? आमच्या सोसायटीतले तीस जण तयार आहेत.

आमच्या दृष्टीने १२ माणसे ही योग्य संख्या आहे आणि १५ ही मर्यादा. हा आकडा वाहनातील आसनांवरून ठरवलेला नसून पाहण्याच्या जागेवरून ठरवलेला आहे. अंबरनाथच्या गाभाऱ्यात उतरायचे असेल, कान्हेरीच्या एखाद्या विहारातील भिक्षूच्या खोलीत शिरून दगडी ओट्यावर हात फिरवायचा असेल किंवा शिलालेखातील झिजलेली अक्षरे वाचायची असतील, तर एका वेळी पाच-सहाच माणसे तेथे उभी राहू शकतात आणि उरलेल्यांना थांबावे लागते. तीस जणांच्या गटात हे थांबणे इतके लांबते की मागची माणसे कंटाळून छायाचित्रे काढायला निघून जातात आणि सांगणाऱ्याला आवाज चढवावा लागतो. लेण्यात आवाज चढवला की तो घुमतो आणि कोणालाच नीट ऐकू येत नाही. तीस जण तयार असतील तर दोन वेगवेगळ्या रविवारी दोन गट करावेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

३. आम्ही यापूर्वी कधीच अशा सहलीला गेलेलो नाही. सुरुवात कुठून करावी?

अंबरनाथच्या शिवमंदिरापासून. लोकलने जाता येते, अंबरनाथ स्थानकाच्या पूर्वेला उतरून रिक्षाने थोड्या वेळात पोहोचता येते आणि दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे मंदिर पाहणाऱ्याला पाहायला शिकवते.

वालधुनी नदीच्या काठावरचे हे मंदिर शिलाहार राजांच्या काळातील आहे. उत्तरेकडील दाराच्या तुळईवरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा काल आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव येते. मंदिराचा बाहेरचा भाग सर्व अंगांनी इतका कोरलेला आहे की पहिल्या पाच मिनिटांत काहीच दिसत नाही, नुसती दाटी जाणवते. म्हणून आम्ही येणाऱ्यांना एकच काम सांगतो : तळाच्या थरापासून सुरुवात करून एकाच कोपऱ्यावर नजर ठेवावी आणि ती हळूहळू शिखराकडे न्यावी. दहा मिनिटांनी थर वेगळे होतात, हत्तींची रांग, नरथर म्हणजे माणसांच्या आकृत्यांचा पट्टा आणि देवकोष्ठे म्हणजे मूर्तींचे कोनाडे सुटे सुटे दिसू लागतात. नंतर मंडपात जावे. तेथून गाभाऱ्यात जाण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. गाभारा मंडपाच्या बऱ्याच खाली आहे. उजेडातून त्या गारव्यात उतरताना माणसे आपोआप बोलायची थांबतात, हे आम्ही प्रत्येक वेळी पाहिले आहे.

महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि श्रावणी सोमवारीही गर्दी असते. दर्शनासाठी ते दिवस उत्तम आहेत, शिल्पे पाहण्यासाठी नाहीत. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असण्याची शक्यता धरून आदल्या दिवशीच वेळापत्रक पाहून ठेवावे.

४. ठाण्याचा स्वतःचा किल्ला पाहता येतो का? तो नेमका कुठे आहे?

ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये त्याचे काम सुरू केले, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. कारागृह असल्याने आत सहल नेता येत नाही. तटाचा काही भाग बाहेरून दिसतो, मात्र कारागृहाच्या परिसरात छायाचित्रे काढू नयेत. त्याऐवजी सकाळच्या दोन तासांत मासुंदा तलाव आणि काठावरचे कौपिनेश्वर मंदिर पाहून, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी जेथे पोहोचली त्या ठाणे स्थानकापर्यंत पायी जाता येते.

५. कोणत्या दिवशी काय बंद असते?

घारापुरीची लेणी आणि कान्हेरी ही दोन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. कान्हेरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत असल्यामुळे उद्यान बंद म्हणजे लेणीही बंद. सोमवारी जोडून सुट्टी आली की लोक नेमका तोच दिवस सुचवतात, म्हणून हे मुद्दाम पहिल्याच वाक्यात लिहिले आहे. बहुतेक संरक्षित स्मारके सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात खुली असतात आणि तिकीट खिडकी त्याआधीच बंद होते. त्यामुळे संध्याकाळी शेवटचे ठिकाण गाठण्याचा बेत करू नये.

गर्दीमुळे टाळावेत असे दिवसही लक्षात ठेवावेत. चैत्र यात्रेत आणि नवरात्रात एकवीरेच्या गडावर भाविकांची रीघ लागते आणि कार्ल्याचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनेचे लेणे, त्याच वाटेवर आहे. रायगडावर ६ जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेकाचे सोहळे होतात. त्या दिवशी जाणाऱ्याने सोहळ्यासाठीच जावे.

६. पावसाळ्यात सहली बंद ठेवता का?

किल्ल्यांच्या बंद ठेवतो, लेण्यांच्या नाही. निसरड्या पायऱ्या, धुके आणि धबधब्यांसाठी लोटणारी गर्दी यांमुळे जुलै-ऑगस्टमध्ये लोहगडासारख्या ठिकाणी बारा जणांना एकत्र ठेवणे कठीण होते. शिवाय शनिवार-रविवारी प्रशासन काही ठिकाणी पर्यटकांना मनाई करते आणि तो आदेश कधी कधी आदल्या दिवशी निघतो. समुद्रातील ठिकाणांचेही तसेच आहे. जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात आणि घारापुरीच्या बोटी समुद्र खवळला की थांबवल्या जातात.

कान्हेरी मात्र पावसातच पाहावी, असे आमचे ठाम मत आहे. येथे शंभरांहून अधिक लेणी एका डोंगरात आहेत आणि जवळपास हजार वर्षे तेथे भिक्षूंची वस्ती होती. एवढी माणसे डोंगरावर पाण्याची सोय कशी करत होती, याचे उत्तर उन्हाळ्यात केवळ ऐकता येते, श्रावणात ते डोळ्यांनी दिसते. लेण्यांच्या माथ्यावर खडकात बोटभर खोलीच्या पन्हळी खोदलेल्या आहेत. पाऊस सुरू झाला की डोंगरावरचे पाणी या पन्हळींत शिरते, वळणे घेत लेण्याच्या दाराशेजारच्या टाक्याकडे येते आणि त्यात पडते. या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे आणि कोणी दान देऊन ती खोदवून घेतली तेही लिहिले आहे. आमच्या एका सहलीत एका काकूंनी छत्री मिटून एका पन्हळीत बोट धरले आणि पाणी बोटाला वळसा घालून पुढे जाताना त्या बराच वेळ पाहत राहिल्या. त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील भव्य बुद्धमूर्तींपेक्षा त्या पन्हळीबद्दलच परतीच्या वाटेवर अधिक बोलणे झाले.

७. वसईच्या किल्ल्याला किती वेळ लागतो? गाडीने जावे की रेल्वेने?

किल्ल्यात किमान चार तास द्यावेत. पुष्कळ लोक चिमाजी अप्पांच्या स्मारकापर्यंत जाऊन, एका चर्चच्या भिंतीसमोर छायाचित्र काढून तासाभरात परततात आणि ‘तिथे फारसे काही नाही’ असे सांगतात. हे ऐकून वाईट वाटते. वसई हा केवळ लढाईचा किल्ला नव्हता, तटबंदीच्या आत वसलेले ते एक संपूर्ण शहर होते. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत तेथे चर्च, मठ, इस्पितळ आणि वाडे उभे राहिले. तटाला दहा बुरूज आहेत, एक दरवाजा जमिनीकडे आणि एक बंदराकडे. या दोन दरवाजांमधली वाट पायी चालल्याशिवाय शहराचा आकार कळत नाही.

फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये मात्र खाली पाहावे. तेथील जमिनीत थडग्यांचे दगड एकाशेजारी एक बसवलेले आहेत. त्यांवरील पोर्तुगीज अक्षरे, कुळांची चिन्हे आणि वर्षे अजून वाचता येतात. आम्ही सोबत पाण्याची बाटली आणि मऊ कापड नेतो आणि फक्त वरची माती हलक्या हाताने पुसतो. खडूने अक्षरे भरणे किंवा दगड घासणे आम्ही कोणालाही करू देत नाही. वसईच्या विजयानंतर येथील चर्चमधील घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा ही त्यांपैकीच एक.

आता प्रवासाविषयी. घोडबंदर मार्गाने सकाळी सातच्या आत निघाल्यास प्रवास सुखाचा होतो. परतताना मात्र गायमुखच्या चढावर रविवारी संध्याकाळी अडकण्याची तयारी ठेवावी, म्हणून आम्ही दुपारी तीनलाच वसई सोडतो. रेल्वेने जायचे असेल तर दिवा-वसई मार्ग आहे, पण त्यावरील फेऱ्या मोजक्याच आहेत. जातानाची गाडी पाहण्याआधी परतीची पाहावी. चर्चच्या मनोऱ्यांवरील जुन्या जिन्यांनी वर चढू नये. तेथे सुटलेले दगड आहेत.

८. कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येते असे ऐकले आहे. ओहोटीची वेळ कशी काढायची?

अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा कुलाबा ओहोटीच्या वेळी चालत गाठता येतो हे खरे आहे आणि या एका गोष्टीमुळे तेथील सहलीची तारीख आपल्याला ठरवता येत नाही, ती चंद्र ठरवतो.

कोळीवाड्यांत चालत आलेला हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी येते, जेव्हा ठाणेकर एकतर वाटेत असतो किंवा परतीला लागलेला असतो. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असेच मोजावे.

या हिशेबात एक खाच आहे आणि ती आम्हाला अनुभवाने कळली. अष्टमीला पूर्ण भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. आम्हाला वाटले, यापेक्षा सोयीचा दिवस नाही. बारा जणांना घेऊन बरोबर बाराला किनाऱ्यावर उभे राहिलो आणि पाणी गुडघ्यापर्यंत होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते : पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच मागे जाऊन वाळू उघडी पडते. आमच्या गटातील दोन ज्येष्ठांना त्या दिवशी किनाऱ्यावरच थांबावे लागले, याची रुखरुख आजही आहे. तेव्हापासून आम्ही शुद्ध किंवा वद्य चतुर्थी-पंचमी धरतो. उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नसतो आणि ओहोटी नऊ-दहाच्या सुमारास येते. पहाटे साडेपाचला ठाणे सोडावे लागते, पण दिवस हाती लागतो.

हा हिशेब तारीख निवडण्यापुरता आहे. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारावे. ओहोटीच्या वेळेपूर्वी तासभर चालायला लागून ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परतावे. पाणी भरू लागल्यावर ‘अजून घोट्याएवढेच आहे’ असे म्हणत थांबू नये. किल्ल्यात १७५९ मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, चारी बाजूंनी खारे पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे आणि उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत.

९. घारापुरीला ठाण्याहून कसे जावे? पूर्ण दिवस लागतो का?

लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जावे, तेथून बस किंवा टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया आणि तेथून बोट. बोटीला साधारण तासभर लागतो. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी धरल्यास लेण्यात गर्दी होण्यापूर्वी पोहोचता येते. धक्क्यापासून वर जाण्यासाठी शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याचे मानले जाते आणि १९८७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. बहुतेक जण थेट सदाशिवाच्या त्रिमुखी मूर्तीसमोर जातात. आम्ही मात्र तिला शेवटी ठेवतो. आधी अंधकासुरवध, कल्याणसुंदर म्हणजे शिवपार्वतीचा विवाह, गंगावतरण असे एकेक शिल्पपट पाहत गेल्यावर त्या शांत मूर्तीसमोर उभे राहणे वेगळे असते. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे. सोमवारविषयी प्रश्न ५ आणि पावसाळ्याविषयी प्रश्न ६ पाहावा.

१०. कार्ले, भाजे आणि लोहगड एकाच दिवसात होतील का?

तिन्ही होतात, पण एकही नीट होत नाही. भाजे आणि कार्ले अशी जोडी करावी आणि लोहगडासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा.

सकाळी भाजे, दुपारनंतर कार्ले हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवतो. कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर मोठ्या कमानीतून उजेड आत येतो आणि स्तूपापर्यंत पोहोचतो. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ खांब आणि स्तूपामागे ७ साधे खांब अशी ही रांग मोजायला मुलांना सांगावे. छताच्या लाकडी कमानी मूळच्या आहेत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेले लाकूड आपण डोक्यावर पाहत असतो. येथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी, म्हणजे मोठा व्यापारी, भूतपाल आहे आणि धेनुकाकटचे यवन, म्हणजे ग्रीक, हेही आहेत. खांबावर कोरलेले असे एखादे नाव मोठ्याने वाचले की त्या खांबाचा खर्च कोणा माणसाने उचलला होता हे जाणवते.

११. रायगड एका दिवसात होतो का?

होतो, आणि तरीही आम्ही एका दिवसात नेत नाही. ठाण्याहून अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. जाण्या-येण्यातच आठ-नऊ तास जातात. रज्जुमार्गाला सुट्टीच्या दिवशी रांग असते आणि वारा वाढला की तो थांबवला जातो. मग गडावर दोन-अडीच तास उरतात आणि महाराजांच्या समाधीपुढे घड्याळाकडे पाहत उभे राहावे लागते. ही गोष्ट आम्हाला पटत नाही. पाचाडला मुक्काम करावा, संध्याकाळी जिजाऊंच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि पहाटे चित् दरवाजाने गड चढावा.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाल्यापासून ‘त्यातला कोणता किल्ला एका दिवसात होईल’ असे बरेच जण विचारतात. त्या बारांपैकी ठाण्याहून निवांतपणे होणारा किल्ला लोहगड. शिवनेरीही होतो, मात्र माळशेज घाटातील पावसाळी दिवस टाळून.

१२. शेजाऱ्यांची सात आसनी गाडी आहे. माणशी पैसे गोळा करून तीच नेली तर चालेल का?

मित्रांनी मिळून इंधनाचा आणि टोलचा खर्च वाटून घेणे वेगळे आणि अनोळखी माणसांकडून भाडे घेऊन खासगी गाडी चालवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी प्रवासी वाहतुकीचा परवाना लागतो. खासगी गाडीची पाटी पांढरी, परवानाधारक प्रवासी वाहनाची पिवळी पाटी आणि काळी अक्षरे. विजेवरच्या प्रवासी वाहनाला हिरवी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात, म्हणून हिरवी पाटी पाहून लगेच शंका घेऊ नये. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विम्याचा दावा अडचणीत येतो. बारा-तेरा जणांसाठी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवावी आणि परवाना, विमा आणि योग्यता प्रमाणपत्राची प्रत आधी मागून घ्यावी.

१३. आम्ही नवी मुंबईत राहतो. ठाण्याला यावे लागेल का?

पुणे किंवा अलिबागच्या दिशेच्या सहलीत नाही. गाडी तीन हात नाक्यावरून निघून ऐरोली, वाशी, कळंबोली अशी जाते आणि वाटेत थांबते. वसई आणि कान्हेरीसाठी मात्र ठाण्याला यावे लागते. गाडी ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटेच थांबते. ओहोटीच्या सहलीत तेवढीही नाही.

१४. खर्च कसा वाटता? ऐनवेळी येता आले नाही तर पैसे परत मिळतात का?

वाहन, चालकाचा भत्ता, टोल, प्रवेशतिकिटे आणि जेवण यांची बेरीज करून ती माणसांत विभागतो आणि परतल्यावर हिशेब सर्वांना पाठवतो. तिकीट आणि जेवणाचे पैसे परत करता येतात. वाहनाचा वाटा परत करता येत नाही, कारण तो उरलेल्यांवर पडतो. आपल्या जागी दुसरी व्यक्ती आल्यास प्रश्नच उरत नाही. आम्ही सहल रद्द केली, उदाहरणार्थ मनाई आदेशामुळे, तर पूर्ण रक्कम परत देतो. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना मराठी कितीही चांगले येत असले तरी परदेशी पर्यटकांचा दर पडतो आणि तो बराच मोठा असतो. त्यांना हे खिडकीवर कळू नये, म्हणून नाव नोंदवतानाच सांगावे.

१५. आईचे गुडघे दुखतात. तिला कुठे नेता येईल?

अंबरनाथ आणि वसई निर्धास्तपणे. वसईत गाडी किल्ल्याच्या आतपर्यंत जाते आणि बरेचसे अवशेष सपाट जमिनीवर आहेत. अंबरनाथच्या गाभाऱ्यातील पायऱ्या न उतरताही बाहेरचे शिल्पकाम पूर्ण पाहता येते. नालासोपाऱ्याचा स्तूपही सपाट जागी आहे. कार्ले आणि घारापुरीच्या पायऱ्या विश्रांती घेत चढता येतात, घारापुरीला डोलीही मिळते. लोहगड आणि कर्नाळा टाळावेत. आईंना किनाऱ्यावर किंवा पायथ्याशी एकटे बसवून पुढे जाण्याचा पर्याय आम्ही स्वीकारत नाही. तसे होणार असेल तर ठिकाण बदलतो.

१६. जेवणाचे आणि स्वच्छतागृहाचे काय?

महिलांकडून हा प्रश्न बहुतेक वेळा संकोचाने विचारला जातो, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. आम्ही प्रत्येक मार्गावर स्वच्छतागृह असलेले थांबे आधी पाहून ठेवतो आणि निघतानाच सांगतो. वसई आणि लोनाडच्या सहलीत आत शिरण्यापूर्वीचा थांबा चुकवू नये. न्याहारी वाटेत, दुपारचे जेवण शक्यतो स्थानिक घरगुती खानावळीत. डबा आणायला हरकत नाही, पण लेण्यात किंवा मंदिराच्या आवारात तो उघडू नये. खरकटे आणि वेष्टने गाडीतून ठाण्याला परत येतात.

१७. गावातली माणसे सांगतात की लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. तुम्ही वेगळेच सांगता. खरे काय?

लेणी कोणी कोरवून घेतली याची माहिती बऱ्याच ठिकाणी लेण्यातच कोरलेली आहे. कार्ल्याचे उदाहरण प्रश्न १० मध्ये दिले आहे. त्यामुळे इतिहास म्हणून आम्ही शिलालेखाचेच सांगतो. पण पांडवांची गोष्ट सांगणाऱ्या आजोबांना आम्ही मध्येच तोडत नाही आणि गटातील कोणी हसल्यास त्याला थांबवतो. लेणी ओस पडली, लिपी वाचणारे उरले नाहीत, तेव्हा त्या जागेचे मोठेपण समजून घेण्यासाठी गावाने ही गोष्ट धरून ठेवली. याच माणसांनी ती जागा झाडली, दिवा लावला. नालासोपाऱ्याच्या स्तूपाच्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. त्या टेकाडाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले, तेव्हा आतून दगडी पेटी आणि आठ लहान बुद्धमूर्ती मिळाल्या. सोपाऱ्यातच अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सापडले आहेत. लोकांच्या गोष्टीतला राजा इतिहासातला नव्हता, पण तेथे काहीतरी थोर आहे ही त्यांची खूण बरोबर होती.

१८. कॅमेरा, तिपाई आणि ड्रोन चालतात का?

मोबाइल आणि हातात धरण्याचा कॅमेरा बहुतेक ठिकाणी चालतो. संरक्षित स्मारकांत तिपाई आणि ड्रोनसाठी पूर्वपरवानगी लागते, ती नसेल तर आणू नये. देवळाच्या गाभाऱ्यात विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. भिंतीवर नाव कोरणे हा प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. स्मारकाचे नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

१९. मुलाला किल्ल्यावर जुने नाणे किंवा खापराचा तुकडा सापडला तर घरी आणता येईल का?

नाही. खापराचा लहानसा तुकडाही जेथे पडला आहे तेथून उचलला की त्याचा पुरावा म्हणून उपयोग संपतो, कारण तो कोणत्या थरातून आला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. तुकडा जागेवरच ठेवून त्याचे छायाचित्र काढावे, शेजारी मापासाठी पट्टी किंवा पेन ठेवावे आणि ते स्मारकावरील रखवालदाराला दाखवावे. नाणे किंवा मौल्यवान वस्तू असेल तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक ठरू शकते. सोपाऱ्याला एका लहान मुलीने विटेचा तुकडा खिशात घातला होता. गाडीत बसल्यावर तिनेच तो काढून दाखवला. आम्ही गाडी वळवली आणि तिने तो जेथून उचलला होता तेथेच नेऊन ठेवला.